खुरापासून वर

वज्रेश्वरीच्या देवळाच्या बावन्न पायऱ्या चढताना एका पायरीवर कोरलेलं कासव लागतं. बहुतेकजण त्याला हात लावतात, तो हात कपाळाला लावतात आणि पुढे जातात. मी मात्र त्या पायऱ्यांवर थांबून दर वेळी नगारखान्याकडे बघत राहते. हे देऊळ चिमाजी अप्पांच्या नवसाचं. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला आणि नवस फेडला गेला, म्हणून या देवळालाही किल्ल्यासारखा दरवाजा आहे, बुरुजासारखा तट आहे. वसई काही घोड्यांनी घेतली नाही; तिथे सुरुंग आणि माणसं कामी आली. पण ती फौज घाट उतरून या चिखलाच्या, खाड्यांच्या मुलखात आली तेव्हा तिच्याबरोबर घोडी होतीच. कुणीतरी ती कुठल्यातरी बाजारात, पागेत, गावात उभं राहून पारखून घेतली होती. त्या माणसाने काय बघितलं असेल?

या प्रश्नाचं उत्तर मला देवळापासून हाकेच्या अंतरावर मिळालं. डिसेंबरातली सकाळ होती. दर्शन घेऊन आम्ही अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे निघालो होतो. रस्त्यालगतच्या खाचरात भाताची कापणी होऊन गेली होती आणि धसकटांत मेंढ्या बसवल्या होत्या. धनगरांचा वाडा उतरला होता. पावसाळा सरला की देशावरचे धनगर घाट उतरून कोकणात येतात. रात्री मेंढ्या शेतात बसतात, शेताला खत मिळतं, मेंढपाळाला त्याचा मोबदला मिळतो. वाड्याच्या कडेला चार घोडी उभी होती, उंचीला माझ्या खांद्याच्याही खाली. एकीच्या पाठीवरचं बिऱ्हाड अजून उतरवायचं होतं: घोंगड्या, हंडा, तवा, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि घोंगड्यांच्या खोबणीतून डोकं बाहेर काढून बघणारं नुकतं जन्मलेलं कोकरू.

मी सवयीने तिच्या तोंडाशी गेले. कपाळावर पांढरा टिळा, पाणीदार डोळे. "काय देखणी आहे हो," मी म्हटलं.

बिऱ्हाड सोडत असलेले आबा म्हणाले, "तोंड कुणाचंबी गोडच असतंय, ताई. चालायचं हाय ते पायावर."

त्यांनी खाली वाकून घोडीच्या पोटरीवरून हात खाली नेला. तिने आपण होऊन पाय उचलला. आबांनी खूर तळहातावर घेतला, अंगठ्याने माती खरवडली, तळाचा मऊ भाग दाबून पाहिला. "आदी ह्यो बघायचा. मग गुडघा, मग छाती, मग पाठ. तोंड समद्यात मागनं."

जर्मनीत ब्रेमेनजवळ फेर्डेन नावाचं गाव आहे. तिथे दर शरद ऋतूत अडीच वर्षांचे नर घोडे परीक्षेला आणतात. या घोड्याची प्रजा आपल्या जातीच्या वहीत नोंदवायची की नाही, हे तिथे ठरतं. निवडलेल्या घोड्यांचा लिलाव होतो आणि सर्वोत्तम घोड्याची किंमत आपल्या रुपयात कोटींच्या घरात जाते. तिथले परीक्षक घोडा आधी कठीण फरशीवर उभा करून बघतात, मग चालवून, मग दुडकत नेऊन. नजर कुठे? खाली. खुरावर, खुराच्या वरच्या सांध्यावर, मग गुडघ्यावर. आबांनी सांगितलेला क्रम आणि त्यांचा क्रम एकच आहे, आणि याचं कारण घोड्याच्या शरीरातच आहे.

घोडा एका बोटावर उभा असतो. त्याच्या प्रत्येक पायाची बाकीची बोटं कोट्यवधी वर्षांत झिजून गेली आणि मधलं तेवढं राहिलं. खूर म्हणजे त्या बोटाचं नख. ज्याला आपण पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो, ते त्याचं मनगट आहे. मागच्या पायाचा मागे निघालेला कोपरा म्हणजे त्याची टाच. आणि या मनगटाखाली स्नायू जवळजवळ नाहीतच! हाडं, त्यांच्यावरून गेलेल्या कंडरा आणि कातडी, एवढंच. पाचशे किलोचा देह भरधाव सुटतो तेव्हा एका क्षणी एकाच पायावर अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो, आणि तो भार आपल्या मनगटापेक्षा थोड्याच जाड असलेल्या या भागाने पेलायचा असतो.

तो पेलला जातो, कारण त्या कंडरा स्प्रिंगसारख्या ताणतात आणि परत आकसतात. पाऊल टेकताना त्यांच्यात जोर साठतो, उचलताना तो परत मिळतो. म्हणून घोडा इतक्या कमी कष्टात इतका लांब पळतो. पण हे फुकट होत नाही. दर ताणाबरोबर थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. भरधाव पळणाऱ्या घोड्याच्या कंडरेच्या गाभ्याचं तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास गेल्याचं मोजलेलं आहे. माणसाला ४१ ताप चढला तर घरात धावपळ होते, इथे एक अवयव त्याहून चार अंश जास्त तापून काम करत राहतो. अनुभवी गिऱ्हाईक घोड्याच्या पायावरून तळहात फिरवतो तो यासाठी. एका पायाची कंडरा दुसरीपेक्षा जराशी उबदार लागली, किंचित जाड लागली, तर कितीही देखणा घोडा असो, तो पुढच्या घोड्याकडे वळतो.

खुराच्या तळाशी रबरासारखा, त्रिकोणी, मऊ भाग असतो. आबा अंगठ्याने दाबत होते तो हाच. पाऊल टेकलं की खुराचा मागचा भाग किंचित फाकतो, हा भाग दाबला जातो आणि खुरात उतरलेलं रक्त परत वर ढकललं जातं. पायात खाली स्नायू नाहीत, मग रक्त वर कोण चढवणार? ते काम पाऊलच करतं. म्हणून दिवसचे दिवस तबेल्यात बांधून ठेवलेल्या घोड्याचे पाय सुजतात आणि फिरवला की उतरतात. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं या जुन्या कोड्याचं 'न फिरवल्याने' हे उत्तर घोड्याच्या बाबतीत शरीरशास्त्राला धरून आहे, हे मला कळलं तेव्हा मी थक्क झाले.

पाय समोरून बघायचा तो गवंडी भिंत बघतो तसा. खांद्याच्या टोकापासून ओळंबा सोडला असं समजायचं. तो गुडघ्याच्या, सांध्याच्या आणि खुराच्या मधोमध गेला पाहिजे. खूर आत वळलेला असेल तर घोडा पळताना पाय बाहेरून फिरवतो, बाहेर वळलेला असेल तर आतून, आणि मग एका पायाचा खूर दुसऱ्या पायाला लागतो. बाजूने बघताना खुराचा उतार आणि त्याच्या वरच्या हाडाचा उतार एका रेषेत असावा लागतो. उतार कमी असला की दर पावलाचा धक्का सरळ हाडात जातो, फार असला की कंडरा ओढली जाते. फेर्डेनचा परीक्षक आणि आमच्याकडचा जुना नालबंद दोघंही हे कोनमापक न लावता, नुसत्या नजरेने सांगतात.

आता वर चढू. घोड्याला गळपट्टीचं हाड नाही. आपला हात धडाला हाडाने जोडलेला असतो. घोड्याची छाती मात्र दोन पुढच्या पायांच्या मधे झोळीसारखी टांगलेली असते, फक्त स्नायूंनी. ही झोळी घट्ट धरून पुढचं अंग वर उचलणं म्हणजे ड्रेसाजच्या घोड्याचं कसब. ड्रेसाज म्हणजे चालींची कवायत. बघणाऱ्याला घोडा नाचतोय असं वाटतं. त्यासाठी खांदा तिरका लागतो, कारण तिरक्या खांद्याचा पाय लांब पुढे जातो. आणि लागतात मजबूत पुठ्ठे. घोड्याचा जोर मागून येतो. मागचे पाय पोटाखाली किती आत येतात, यावर सगळं ठरतं.

हे बघण्याची एक युक्ती इतकी सोपी आहे की ती कुणालाही जमेल. घोडा ओल्या मातीवरून सावकाश चालवायचा आणि ठसे बघायचे. मागच्या खुराचा ठसा पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे पडला तर चाल मोकळी. जितका पुढे, तितकं पाऊल लांब. त्याच खाचरात, दंवाने भिजलेल्या मातीत, त्या बुटक्या घोडीचे ठसे मी वाकून पाहिले. मागचा खूर पुढच्याच्या चांगला चार बोटं पुढे पडला होता.

चालींचा ताल कानाने ओळखता येतो. सावकाश चालीत चार ठोके. दुडकीत दोन, कारण समोरासमोरचे तिरके पाय एकदम पडतात. दुडकीहून वेगवान कँटरमध्ये तीन ठोके आणि मग एक क्षण शांतता, त्या क्षणी चारही पाय हवेत असतात. उड्यांच्या स्पर्धेसाठी घोडा घेणारा या शांततेवर कान ठेवून असतो. ती जितकी स्पष्ट, तितका घोडा दर पावलाला जमिनीपासून सुटतो. उडी म्हणजे अशाच एका कँटरच्या पावलाचं मोठं रूप. लहान वयात घोड्याला स्वार न बसवता मोकळा सोडून अडथळ्यावरून उडवतात, तेव्हा तो किती उंच गेला हे फारसं कुणी मोजत नाही. पुढचे दोन्ही गुडघे सारखे दुमडले का, पाठ गोल झाली का, आणि दांडीला पाय लागला तर पुढच्या वेळी तो घाबरला की शहाणा झाला, हे बघतात. शेवटच्या गोष्टीला सर्वांत जास्त किंमत आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचा पट्टा दिसत नाही. म्हणजे उडी मारण्याच्या ऐन क्षणी अडथळा त्याच्या नजरेतून निसटतो. आधी घेतलेलं माप आणि पाठीवरच्या माणसावरचा विश्वास, एवढ्यावर तो हवेत झेपावतो.

बाहेरून दिसतं ते इथवर. आतलं बघण्यासाठी हल्ली खरेदीपूर्वी सालोत्र्याला बोलावतात. हा शब्द मला फार आवडतो. शालिहोत्र हे अश्वशास्त्राच्या आद्य ऋषीचं नाव, त्यावरून मराठीत घोड्याचा वैद्य तो सालोत्री झाला. आजचा सालोत्री सांध्यांचे एक्स-रे काढतो. पाय वाकवून मिनिटभर धरून ठेवतो आणि सोडताक्षणी घोडा दुडकवतो. सांध्यात काही लपलं असेल तर पहिल्या चार पावलांत लंगड दिसते. मग नाकातून दुर्बिणीची नळी घालून घसा बघतो.

घसा कशासाठी? कारण घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, फक्त नाकाने घेतो. भरधाव पळताना तर दर ढांगेला एकच श्वास. घशाचा डावा पडदा उघडणारी नस मेंदूकडून निघते, मान ओलांडून छातीत उतरते, हृदयाच्या महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा मानेतून वर घशाशी येते. इतक्या लांबच्या नसेचं टोक काही घोड्यांत हळूहळू दुबळं होतं. डावा पडदा अर्धवट लटकतो, पळताना घशातून घोरल्यासारखा आवाज येतो आणि हवा कमी पडते. हा दोष उंच, लांब मानेच्या घोड्यांत जास्त आढळतो. बुटक्या घोड्यांत तो क्वचितच दिसतो. उंची हवी म्हणून माणसाने पिढ्यानपिढ्या मोठे घोडे निवडले आणि त्याची किंमत त्या नसेने चुकवली.

माझ्या मते सर्वांत अद्भुत अवयव मात्र प्लीहा. विश्रांतीत उभ्या असलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला ३० ते ४० असते. तो भरधाव सुटला की २२० च्या वर जाते. त्याच वेळी प्लीहा आकसते आणि आत साठवून ठेवलेल्या लाल पेशी रक्तात सोडते. रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं, ते काही क्षणांत साठीच्या वर जातं. खेळाडूंनी चोरून रक्त चढवून घेतलं की त्यांच्यावर बंदी येते. घोडा तेच स्वतःच्या शरीरातून, उजळ माथ्याने करतो. एन्ड्युरन्स नावाच्या १६० किलोमीटरपर्यंतच्या स्पर्धांत म्हणूनच वेगाइतकंच महत्त्व नाडी उतरण्याला असतं. टप्पा संपल्यावर ठरावीक मिनिटांत ती साधारण ६४ च्या खाली आली नाही, तर घोडा बाद. सडसडीत अरबी घोडे यात सरस ठरतात; बारीक अंगातून उष्णता लवकर निघून जाते.

आपल्याकडे घोडा बघायचं मोठं ठिकाण म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं सारंगखेडा. तापीच्या काठी एकमुखी दत्ताची यात्रा, दत्तजयंतीला सुरू होणारी, आणि तिच्याबरोबर देशभरातून आलेला घोड्यांचा बाजार. तिथे पहिल्यांदा तोंड उघडून दात बघतात. अडीच वर्षांला दुधाचे मधले दोन दात पडून पक्के येतात, साडेतीनला पुढचे दोन, साडेचारला कडेचे. त्यानंतर झीज बघायची. वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमाराला हिरडीपाशी एक तपकिरी खाच उगवते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यावर येते, विसाव्याला टोकाला पोचते. विकणारा काहीही वय सांगो, खाच वयाचा साधारण अंदाज देते.

मग येतात खुणा. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असलेला पंचकल्याणी. काळा-पांढरा अबलख. गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र नुकरा. आणि भोवरे! गळ्याखालचा देवमण शुभ, भलत्या जागचा भोवरा अशुभ. एका भोवऱ्याने किंमत चढते आणि एका भोवऱ्याने घोडा दावणीलाच राहतो. हे सगळं भाबडेपण म्हणून मी बाजूला टाकलं होतं. मग २००८ साली आयर्लंडमधल्या दोन संशोधकांनी घोड्यांच्या कपाळावरच्या भोवऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भोवरा घड्याळाच्या दिशेने फिरलेला की उलट, याचा संबंध घोडा उजवा आहे की डावखुरा याच्याशी दिसला. याचं एक संभाव्य कारण असं, की गर्भात कातडी आणि मज्जासंस्था एकाच थरातून घडतात, तेव्हा एकीच्या घडणीची खूण दुसरीवर उमटू शकते. डावखुरेपण स्वारासाठी महत्त्वाचं, कारण स्पर्धेत घोड्याला दोन्ही बाजूंना सारखंच वळावं लागतं. यावरून देवमण असलेला घोडा धन्याला राज्य मिळवून देतो हे सिद्ध होत नाही, आणि कपाळाचा भोवरा वेगळा, गळ्याचा वेगळा. पण 'केसांकडे बघा' असं सांगणाऱ्या जुन्या माणसांची नजर अगदीच रिकाम्या जागी लागलेली नव्हती. माझा स्पष्ट सल्ला एवढाच, की भोवऱ्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत, आणि भोवऱ्यासाठी चांगल्या पायांचा घोडा सोडू तर मुळीच नये.

पैदास करणाऱ्याचं काम गिऱ्हाइकापेक्षा अवघड. गिऱ्हाईक समोर उभा असलेला घोडा बघतो, पैदास करणारा अजून नसलेला. घोडी अकरा महिने गाभण राहते, शिंगरू जन्मल्यावर तासाभरात उभं राहतं, आणि मग ते खरंच उडी मारतं का हे कळायला पाच-सहा वर्षं जातात. आपण निवडलं ते चूक की बरोबर, हे आयुष्यात मोजक्याच वेळा कळतं. म्हणून नोंदींना इतकं महत्त्व. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज जर्मनीतल्या हॅनोव्हरचाही राज्यकर्ता होता. त्याने १७३५ मध्ये त्सेले गावी सरकारी अश्वशाळा काढली. म्हणजे चिमाजी अप्पा वसईच्या मोहिमेवर निघण्याच्या दोनच वर्षं आधी. ती आजही चालू आहे. तिथल्या घोड्यांनी आधी नांगर ओढले, मग तोफा, आणि ट्रॅक्टर आल्यावर त्याच वंशातून ऑलिंपिकचे घोडे घडवले गेले. या सगळ्या काळात निवड चालू राहिली, वही चालू राहिली.

शर्यतीचा थरोब्रेड मात्र वेगळ्या शिस्तीत वाढतो. त्याच्या पैदाशीत कृत्रिम रेतन जगभर निषिद्ध आहे, नर आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र यावीच लागतात. आपल्याकडे पुणे हे या पैदाशीचं जुनं ठाणं. पूनावाला कुटुंबाने १९४६ मध्ये तिथे घोडे वाढवायला सुरुवात केली. शर्यतीतून निवृत्त झालेले त्यांचे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेत जात, तिथे त्यांच्या रक्तापासून प्रतिविषं तयार होत. त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आपल्या दंडात टोचलेल्या कितीतरी लशींचा उगम असा पुण्याच्या एका पागेत आहे.

आता जनुकंही वाचता येतात. स्नायूंची वाढ ठरवणाऱ्या एका जनुकातल्या फरकावरून थरोब्रेड कमी अंतराला चमकेल की लांबच्या, याचा अंदाज २०१० पासून बांधता येतो. २०१२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी पाठीच्या कण्यातल्या मज्जापेशींशी संबंधित एक जनुक शोधलं. त्यातल्या एका बदलामुळे आइसलँडचे घोडे स्वाराच्या हातातलं पाणी न हिंदकळता पळणारी गुळगुळीत चाल चालतात. चाल ही शिकवण्याची गोष्ट, अशी माझी समजूत होती. ती काही अंशी एका अक्षराच्या फरकात लिहिलेली असते! पोलोत तर माणूस याहून पुढे गेला. अर्जेंटिनाच्या अडोल्फो कॅम्बियासोने २०१६ च्या पालेर्मोच्या अंतिम सामन्यात आपल्या क्वार्तेतेरा नावाच्या लाडक्या घोडीच्या सहा हुबेहूब प्रती वापरल्या, प्रयोगशाळेत तयार झालेल्या.

इतकं सगळं कळल्यावर वाटावं की आता चूक होणारच नाही. पण १९५६ मध्ये अमेरिकेत हॅरी डी लायर नावाच्या घोडेस्वारीच्या शिक्षकाने कत्तलखान्याकडे निघालेला एक नांगराचा घोडा ८० डॉलरला घेतला. स्नोमॅन त्याचं नाव. त्याने तो शेजारच्या डॉक्टरला विकून टाकला, तर हा पठ्ठ्या कुंपणांवरून उड्या मारत परत घरी. दोन वर्षांनी तो देशातला सर्वोत्तम उड्यांचा घोडा ठरला. चिलीचा उआसो शर्यतीत नापास झालेला थरोब्रेड. त्याने ५ फेब्रुवारी १९४९ रोजी २.४७ मीटर उंच उडी घेतली आणि तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये स्ट्रोलर नावाच्या तट्टाने रौप्यपदक मिळवलं, खांद्यापाशी उंची जेमतेम पावणेपाच फूट. या तिघांत कुठलाही कागद सांगू शकला नसता अशी एकच गोष्ट सारखी होती: त्यांना पलीकडे जायचं होतं. घोड्याच्या डोळ्यांत, कानांच्या हालचालीत, चूक झाल्यावरच्या पहिल्या पावलात ती इच्छा वाचणारी माणसं असतात. जुन्या मराठीत त्यांना चाबूकस्वार म्हणत. त्या पारखीला अजून यंत्र निघालेलं नाही.

२०२३ साली हांगचौच्या आशियाई खेळांत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं ४१ वर्षांतलं हे पहिलं सुवर्ण, आणि चौघांच्या त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. स्वार आपले, घोडे मात्र युरोपात जन्मलेले आणि तिथेच तयार झालेले. मला त्या पदकाचा अभिमान आहे. त्याचबरोबर वज्रेश्वरीच्या खाचरातली ती घोडी डोळ्यासमोरून हलत नाही.

ती भीमथडी. थडी म्हणजे काठ. भीमेच्या काठची म्हणून हे नाव. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. घोडा मेला तर त्याची रोजीरोटी मेली, म्हणून तो देखणेपणावर भाळत नसे. त्याला कातळावर नालाशिवाय टिकणारा खूर हवा, मूठभर दाण्यावर आणि वाटेतल्या गवतावर दिवस काढणारं पोट हवं, घाट उतरताना न घसरणारे मागचे पाय हवेत. याच मुलखात, याच कसोट्यांवर हा घोडा पिढ्यानपिढ्या निवडला गेला. फौजा गेल्या, इंग्रजी पलटणींना उंच घोडे हवे होते, आणि भीमथडी उरला तो धनगरांच्या बिऱ्हाडाखाली. वही नाही, परीक्षक नाही, लिलाव नाही. तरी दर वर्षी शेकडो किलोमीटर ओझं घेऊन चालताना जो टिकला त्याचीच पैदास होत राहिली. परीक्षा चालूच होती, फक्त ती घेणाऱ्यांची दखल कुणी घेतली नाही. अलीकडे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, हे फार चांगलं झालं. आता पुढचं पाऊल म्हणजे वही: कुठल्या वाड्यात कुठली घोडी, तिची शिंगरं कोणती, कोण किती चाललं. लांब पल्ल्याच्या स्पर्धेसाठी आणि मुलांना घोडेस्वारी शिकवण्यासाठी हा शांत, काटक, कमी खाणारा घोडा जमतो का, हे मैदानात उतरवून बघायला हवं. घोडामैदान काही लांब नाही.

दिवाळीनंतर भिवंडीहून वज्रेश्वरीकडे जाताना रस्त्याकडेच्या खाचरात वाडा उतरलेला दिसला, तर गाडी लांब उभी करा, मेंढ्या बिचकतात. वाड्यावरच्या मोठ्या माणसाला विचारून मगच घोड्याजवळ जा. मागून जाऊ नका, बाजूने जा. आणि तिच्या तोंडाकडे बघण्याआधी जमिनीवरचे ठसे बघा.